बाथरूमचे काम झाले आणि पाणी गेले : भिंत फोडण्याआधी काय तपासावे

बाथरूमची फरशी बदलून झाली, नवे नळ बसले, मिस्त्री हिशेब करून गेला, आणि संध्याकाळी घरातल्या कोणी नळ सोडला तर आधी फुर्रकन हवा आली, मग चूळभर पाणी आले आणि त्यानंतर काहीच नाही. टाकी भरलेली आहे, खालच्या मजल्यावर पाणी व्यवस्थित येते आहे, भिंतीवर कुठे ओलही दिसत नाही. अशा वेळी पहिली शंका येते ती भिंतीतला पाइप फुटल्याची किंवा चुकीचा जोडल्याची, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या टाइल्सवर छिन्नी चालते. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक घरांत ती छिन्नी चालवण्याची गरज नव्हती. कामाआधी पाणी येत होते आणि कामानंतर येत नाही, याचा सरळ अर्थ असा की काम चालू असताना टाकीपासून नळापर्यंतच्या वाटेत काहीतरी शिरले आहे, अडकले आहे किंवा बंद राहून गेले आहे. ते काय आहे आणि कुठे आहे, हे बहुतेक वेळा भिंतीला हात न लावता शोधता येते. त्यासाठी फक्त पाणी आपल्या घरात कसे फिरते हे नीट समजून घ्यावे लागते.

आपल्याकडे बहुतेक शहरांत नगरपालिकेचे पाणी दिवसातून काही ठरावीक तासच येते. त्यामुळे ते थेट नळाला न जोडता आधी टाकीत साठवले जाते. मोठ्या इमारतींत ते जमिनीखालच्या टाकीत पडते आणि तिथून मोटरने गच्चीवर चढते. काही गावांत दाब चांगला असल्याने ते आपसूक वरच्या टाकीत जाते. कोकणात आणि गोव्यात पुष्कळ घरांत ते विहिरीतून मोटरने टाकीत येते. टाकीच्या पुढची वाट मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच असते. टाकीच्या बुडापासून थोडे वर एक निपल, म्हणजे पाइप जोडायचा छोटा तुकडा, असते, त्यापुढे व्हॉल्व्ह, मग गच्चीवरून जाणारा आडवा पाइप, तिथून खाली उतरणारी लाइन, प्रत्येक बाथरूमच्या तोंडाशी एखादा व्हॉल्व्ह, भिंतीतली वळणे, अँगल कॉक (भिंतीतून नळाकडे जाणारे पाणी बंद करणारा छोटा कॉक), आणि शेवटी नळ. या सगळ्या वाटेत पाण्याला पुढे ढकलणारी मोटर वगैरे सहसा काही नसते. पाणी खाली येते ते केवळ टाकी उंचावर आहे म्हणून.

ही उंची म्हणजेच दाब. 10 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाने दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब मिळतो. प्लंबर मंडळी ज्याला नुसते ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात ते हेच. चार मजली इमारतीत तळमजल्यावरच्या नळाला टाकीपासून 12-13 मीटर उंची मिळते, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास दाब. त्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर शॉवरला जेमतेम अडीच-तीन मीटर उंची मिळते, म्हणजे पाव किलोपेक्षा थोडा जास्त दाब. नळकामानंतर पाणी जाण्याचा त्रास वरच्या मजल्यालाच का होतो आणि तिथेही बेसिनच्या नळापेक्षा शॉवरला आधी का होतो, याचे उत्तर या फरकात आहे. खालच्या मजल्यावर दाब इतका असतो की पाइपातला छोटा अडथळा तो ढकलून देतो. वरच्या मजल्यावर तेवढा जोरच नसतो.

आता शोधाला सुरुवात करताना सगळ्यात आधी एक गोष्ट पाहावी: पाणी नेमके कुठे कुठे येत नाही. एकाच नळाला येत नसेल तर दोष त्या नळात किंवा त्याच्या अँगल कॉकमध्ये आहे. थंड पाणी येते पण गरम येत नसेल तर गीझर आणि त्याच्या जोडण्या पाहाव्यात. एका बाथरूमचे सगळेच नळ कोरडे असतील तर त्या बाथरूमची लाइन पाहावी, आणि सगळ्या घराचेच पाणी गेले असेल तर टाकी आणि गच्चीवरचा पाइप. शेजाऱ्यांकडेही पाणी नसेल तर आपल्या कामाचा त्याच्याशी संबंधच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी कसे जाते, हे लक्ष देऊन पाहणे आणि ऐकणे. नळ सोडल्यावर आवाजही नाही आणि थेंबही नाही, असे असेल तर वाटेत काहीतरी पूर्ण बंद आहे. नळ सोडताक्षणी पाणी जोरात येते आणि दोन सेकंदांत बारीक होऊन तसेच बारीक येत राहते, असे असेल तर वाट पूर्ण बंद नाही, अरुंद झाली आहे. नळ बंद असताना अडथळ्याच्या पुढे हळूहळू दाब साचतो, नळ सोडला की तो क्षणात संपतो आणि मग अडथळ्यातून झिरपेल तेवढेच पाणी मिळते. आणि पाणी फुरफुरत, थांबत, पुन्हा थोडे येत, शेवटी दम टाकावा तसे बंद होत असेल तर पाइपात हवा आहे.

एक साधी परीक्षा मला फार उपयोगी वाटते. वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा ओला करावा, वरच्या उंचीवरचा कोरडा नळ पूर्ण उघडून त्याच्या तोंडावर तो कागद चिकटवावा, आणि दुसऱ्या कोणाला त्याच लाइनीवरचा सगळ्यात खालचा नळ सोडायला सांगावे. कागद आत ओढला गेला तर पाइपातले पाणी खाली निघून जाते आहे पण त्याची जागा घ्यायला वरून पाणी येत नाही, म्हणजे अडथळा या दोन्ही नळांच्या आधी, टाकीच्या बाजूला आहे. कागद जागचा हलला नाही आणि खालच्या नळाला पाणी भरपूर आले, तर टाकीची बाजू मोकळी आहे आणि दोष वरच्या नळाकडे जाणाऱ्या फाट्यात आहे. एका कागदाच्या तुकड्याने वाटेचा अर्धा भाग संशयातून मुक्त होतो.

हवा कशी अडते

पाइपात हवा अडते हे पुष्कळांना खरे वाटत नाही. पाण्यापुढे हवेचे काय चालणार, असा प्रश्न पडतो. पण काम करताना लाइन रिकामी केलेली असते, म्हणजे तेवढ्या सगळ्या पाइपात हवाच भरलेली असते, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी आत येते तेव्हा त्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. सरळ खाली उतरणाऱ्या पाइपात ती नळावाटे निघून जाते. पाइप कुठे वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, म्हणजे त्याला उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला असेल, तर मात्र हवा त्या उंचवट्यात आणि त्याच्या पलीकडच्या उतरत्या भागात अडकते. तिथे पाण्याला खाली जायचे असते आणि बुडबुड्याला वर. पाणी वेगात असेल तर बुडबुड्याला ओढून नेते. पण पाव किलो दाबावर अर्ध्या इंची पाइपातले पाणी इतके संथ असते की बुडबुडा जागचा हलत नाही. प्लंबर याला ‘हवा धरली’ म्हणतात, आणि हा शब्द अगदी नेमका आहे.

असा उंचवटा बाथरूममध्ये दाराच्या चौकटीवरून पाइप नेला की तयार होतो, तुळईला वळसा घातला की होतो, आणि गच्चीवर तर हमखास असतो, कारण कठड्याला भोक पाडले की पावसाळ्यात गळती लागेल या भीतीने पाइप कठड्यावरून चढवून पलीकडे उतरवलेला असतो. आमच्या साताऱ्याच्या दोन मजली घरात नेमके हेच होते. एप्रिलमध्ये वरच्या बाथरूमचे काम झाले, आणि त्याच संध्याकाळी शॉवर पूर्ण कोरडा, बेसिनच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि खालचे स्वयंपाकघर व बाथरूम अगदी ठीक, असे चित्र होते. खालच्या मजल्याची लाइन टाकीपासूनच वेगळी आहे. काम करणाऱ्या कारागिराने बेसिनखालच्या तीन टाइल्स काढून पाहावे लागेल असे सांगितले. मोजपट्टी घेऊन गच्चीवर गेल्यावर मला जे दिसले ते आकड्यांतच सांगते, कारण आकडे समजले की सगळे समजते.

टाकीतल्या पाण्याची पातळी गच्चीच्या फरशीपासून 2 मीटर वर होती. कठड्यावरून जाणारा पाइप फरशीपासून 0.9 मीटर वर. तिथून तो बाहेरच्या भिंतीवरून उतरून बाथरूममध्ये शिरतो ती जागा गच्चीच्या फरशीपासून 2.5 मीटर खाली. शॉवर 1 मीटर खाली, बेसिनचा नळ 2.1 मीटर खाली. लाइन पाण्याने भरलेली असती तर शॉवरला 3 मीटर आणि बेसिनला 4.1 मीटर उंचीचा दाब मिळाला असता. पण समजा कठड्याच्या माथ्यापासून बाथरूमच्या तोंडापर्यंतचा 3.4 मीटरचा उतरता भाग हवेने भरलेला आहे. हवेला वजन जवळजवळ नसते, त्यामुळे एवढ्या उतारातून पाण्याला जो जोर मिळायला हवा तो मिळतच नाही, 3.4 मीटर उंची जणू नाहीशी होते. बेसिनचे 4.1 मीटर वजा 3.4, म्हणजे 0.7 मीटर उरले: करंगळीएवढी धार. शॉवरचे 3 मीटर वजा 3.4: तिथे थेंबही चढणार नाही. नळांनी दिलेला पुरावा आणि हा हिशेब इतके जुळले की टाइल्स काढायचा विचार तिथेच सोडून दिला.

अशी हवा काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे उलट्या बाजूने पाणी भरणे. टाकीकडून येणारे पाणी हवेला ढकलू शकत नाही, पण नळाच्या बाजूने जास्त दाबाचे पाणी सोडले तर ते उतरत्या पाइपात खालून वर चढते, हवेला पुढे सारते आणि उंचवट्यावरून पार टाकीत नेऊन सोडते. त्यासाठी टाकीच्या पाण्यापेक्षा जास्त दाब हवा. त्याच टाकीवरच्या दुसऱ्या नळाला रबरी पाइप जोडून उपयोग नाही, कारण दोन्हीकडे दाब सारखाच राहतो. आमच्या अंगणातल्या नळाला नगरपालिकेचे पाणी थेट येते आणि सकाळी त्याला चांगला जोर असतो. साताऱ्याला कासच्या तलावाचे पाणी येते, आणि तलाव शहरापेक्षा कितीतरी उंचावर असल्याने ते उताराने येते. आमच्याकडे ते मोटरीशिवाय गच्चीवरच्या टाकीत चढते, म्हणजे टाकीतल्या पाण्यावर मात करण्याइतका दाब त्यात आहे हे आपोआप सिद्ध होते. ज्यांच्याकडे असे पाणी नाही त्यांनी स्वच्छ बादलीत ठेवलेला छोटा पंप वापरावा. नळाला तोंड लावून फुंकण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी दिसते, पण माणसाला फुंकून जेमतेम मीटरभर पाण्याइतका दाब देता येतो आणि पाइपात आणखी हवाच जाते, त्यामुळे तिचा भरवसा धरू नये.

आमच्या गल्लीत एक वयस्कर प्लंबर काका आहेत, त्यांना बोलावले. त्यांनी बेसिनखालच्या अँगल कॉकला एका जुन्या लवचीक कनेक्शन पाइपने अंगणातून आणलेली नळी जोडली, तारेने करकचून बांधली, बाथरूमचे बाकी सगळे नळ बंद केले आणि माझ्या मुलाला गच्चीवर टाकीचे झाकण उघडून उभे केले. “ताई, आता सावकाश सोडा,” ते म्हणाले. मी अंगणातला नळ अर्धा उघडला. नळी ताठ झाली, भिंतीतून गुडगुड असा आवाज वर वर सरकत गेला, आणि मिनिटभराने गच्चीवरून मुलगा ओरडला, “आई, टाकीत बुडबुडे येताहेत!” काकांनी बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत पाणी चालू ठेवले, मग आधी अँगल कॉक बंद केला, मग अंगणातला नळ, आणि लगेच नळी सोडवली. नळी तशीच जोडलेली राहिली आणि नगरपालिकेचे पाणी गेले तर टाकीतले पाणी उलट सार्वजनिक लाइनीत उतरू शकते, म्हणून ती एक मिनिटही विसरायची नाही, असे त्यांनी मला बजावले. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते पाणी गल्लीतले सगळे जण पितात. नळी वापरण्याआधी आतून स्वच्छ धुवावी, हेही त्याच कारणाने. शॉवर पूर्ववत सुरू झाला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा बंद पडला. त्याचे कारण पुढे सांगते.

कचरा, बोळा आणि बंद राहिलेले व्हॉल्व्ह

हवेखालोखाल दोष असतो तो कचऱ्याचा. सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप करवतीने कापला की त्याचा पांढरा किस आत पडतो. आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे धागे सुटतात. घरात जुने जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप असतील तर ठोकाठोकीने आतला गंज पोपडे धरून सुटतो, आणि टाकी हलवली असेल तर तळाचा गाळ उठतो. हे सगळे पाण्याबरोबर वाहत येते आणि जिथे वाट सर्वांत बारीक तिथे बसते. नळाच्या तोंडाशी फेस आणणारी जाळी असते, ती हाताने किंवा कापड गुंडाळून पकडीने फिरवली की निघते. पुष्कळदा तिच्या आत पांढऱ्या किसाचा चक्क थर सापडतो. त्यानंतर अँगल कॉक आणि त्याला जोडलेला लवचीक कनेक्शन पाइप, फ्लश टाकीत पाणी येते तिथली छोटी जाळी, वॉशिंग मशीनच्या मागच्या जोडणीतली जाळी, शॉवरची भोके, या क्रमाने पाहावे. कनेक्शन पाइप नळाकडून सोडून त्याचे टोक बादलीत धरावे आणि अँगल कॉक उघडावा. बादलीत पाणी धो धो आले तर दोष नळात आहे. तिथेही बारीकच आले तर कॉक किंवा त्याच्या मागची लाइन पाहावी.

पहिल्या दिवशीचे पाणी पेल्यात घेऊन पाहण्यासारखे असते. ते दुधासारखे पांढरे दिसले आणि मिनिटभरात खालून वर निवळत गेले तर ती बारीक बुडबुड्यांची हवा आहे, तिने काही बिघडत नाही. तांबूस दिसले तर गंज आहे. तळाला पांढरे कण बसले तर तो पाइपाचा किस आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचा कॉक बंदच ठेवावा, नाहीतर त्याचे फिल्टर एका दिवसात भरतात.

एक कारण मात्र जाळ्या काढून सापडत नाही. फरशीचे काम चालू असताना पाइपाच्या उघड्या तोंडात सिमेंट जाऊ नये म्हणून कारागीर त्यात कागदाचा किंवा सिमेंटच्या गोणीचा बोळा कोंबतात. ही काळजी योग्यच आहे, पण नळ बसवणारा माणूस दुसरा असला तर तो बोळा आत राहतो, आणि त्यावर नवा नळ बसतो. नळ काढून आत टॉर्चचा उजेड टाकला की तो बहुतेक वेळा दिसतो, आणि आकड्याच्या तारेने काढता येतो.

व्हॉल्व्हच्या बाबतीत माणूस फसतो ते ‘मी उघडला आहे’ या खात्रीमुळे. दांडीच्या बॉल व्हॉल्व्हची दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर तो उघडा आणि आडवी असेल तर बंद. दांडी तिरकी ठेवली की वाट अर्धीच राहते. जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हचे प्रकरण जास्त फसवे असते. कित्येक वर्षे न फिरवलेला असा व्हॉल्व्ह कामासाठी जोर लावून बंद केला की आतली पाती दांड्यापासून तुटते. मग चाक डावीकडे हवे तेवढे फिरते, हाताला ते उघडल्यासारखे वाटते, पण पाती खाली बसलेलीच असते. त्याच्या पुढे युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, असेल तर ती सैल करून पाहावी; तिथे पाणी उसळले नाही आणि टाकी भरलेली असेल, तर व्हॉल्व्ह बदलायचा, दुसरा विचार करायचा नाही. एकाच दिशेने पाणी सोडणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर बाण कोरलेला असतो आणि तो पाणी जाण्याच्या दिशेला हवा. तो उलटा बसला तर एक थेंबही पुढे जात नाही, आणि ही चूक डोळ्यांनी दिसते, फक्त कोणी बाण पाहत नाही.

गीझरच्या बाबतीत आधी सावधगिरी सांगते. गरम पाण्याच्या नळाला पाणी येत नसेल तर साठवणीच्या विजेच्या गीझरचा स्विच ताबडतोब बंद करावा आणि नळाला अखंड धार लागेपर्यंत चालू करू नये, कारण टाकीत पाणी नसताना तापणारी कॉइल जळते. त्यानंतर गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह पाहावा. तोही एकाच दिशेने पाणी सोडतो, त्यावरही बाण असतो, आणि त्यात कचरा अडकला किंवा तो उलटा बसला तर फक्त गरम पाणी बंद होते. गॅस गीझरला पेट घ्यायला पाण्याचा पुरेसा ओघ लागतो, म्हणून तिथे पाणी बारीक झाले की गीझर पेटत नाही आणि लोक गीझर दुरुस्त करणाऱ्याला बोलावतात.

मोटरीविषयी थोडक्यात सांगते. टाकीच भरत नसेल आणि मोटर नुसती घरघर करत असेल, तर तिच्या पाणी ओढणाऱ्या पाइपात बहुधा हवा शिरली आहे. प्रायमिंगच्या बुचातून पाणी भरून पाहावे, आणि तरीही धरत नसेल तर त्या बाजूचे नवे सांधे व त्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह तपासावेत. पाणी कमी येते म्हणून नगरपालिकेच्या लाइनीलाच मोटर लावणे हा उपाय नाही. ते नियमाविरुद्ध आहे, शेजाऱ्यांचे पाणी त्याने तुटते आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी लाइनीत ओढले जाऊ शकते.

भिंत केव्हा फोडावी

हे सगळे झाल्यावरही पाणी बारीकच येत असेल तर भिंतीतल्या सांध्याचा संशय खरा असू शकतो. सीपीव्हीसी पाइप सोल्यूशनने चिकटवतात. ते गरजेपेक्षा जास्त लावले, विशेषतः एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या जोडाच्या, आत भरपूर ओतले, तर जास्तीचे सोल्यूशन आत ओघळते आणि वाळून कडे तयार होते. अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपाचा आतला व्यास मुळात साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असतो. तो एका जागी निम्मा झाला तर वाट चौथाई राहते, आणि गच्चीवरच्या टाकीच्या तुटपुंज्या दाबाला ते झेपत नाही. पण इथेही आधी जागा नक्की करावी. एकाच भिंतीतल्या लागोपाठच्या नळांवर 10 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे. नळांचा प्रकार आणि उंची सारखी असताना दोन नळांमध्ये वेळ एकदम दुप्पट-तिप्पट झाली तर दोष त्या दोन नळांच्या मधल्या तुकड्यात आहे, आणि फोडायची झाली तर तेवढीच दोन टाइल्सची जागा फोडावी.

ज्यांचे काम अजून चालू आहे त्यांना हे टाळता येते. टाइल्स लागण्याआधी प्रत्येक पाइपाची सगळी तोंडे एकेक करून उघडावीत आणि बादलीभर पाणी मोकळे वाहू द्यावे, म्हणजे किस, बोळे आणि टेपचे धागे तिथेच निघून जातात. लाइनीला दाब देऊन सांधे कोरडे राहतात का ते पाहावे. भिंतीवर मोजपट्टी धरून, फरशीपासून आणि कोपऱ्यापासूनचे अंतर दिसेल असे पाइपांचे फोटो काढून ठेवावेत. एवढ्याला अर्धा दिवस लागतो, आणि कारागीर घाईत असला तरी घरच्या माणसाने तो अर्धा दिवस मागून घ्यावा.

आमच्या घरी तिसऱ्या दिवशी शॉवर पुन्हा का बंद पडला, हे सांगायचे राहिले आहे. त्या दिवशी पाहुणे होते आणि सकाळचे पाणी येण्याआधी टाकी तळाला गेली. लाइन रिकामी झाली, मग टाकी भरली, आणि कठड्यापलीकडच्या उतरत्या पाइपात पुन्हा हवा धरली. पण टाकी तर आधीच्या वर्षांतही कित्येकदा रिकामी झाली होती आणि तेव्हा असे कधी झाले नव्हते. प्लंबर काका या वेळी बाथरूममध्ये गेलेच नाहीत, सरळ गच्चीवर गेले, कठड्याजवळ उकिडवे बसले आणि पाइपाच्या माथ्यावरच्या तीन तोंडांच्या टी-जोडावर बोट ठेवले. त्या टीच्या वरच्या तोंडाला कोरी एंड कॅप चिकटवलेली होती. तिथे पूर्वी टाकीपेक्षा उंच जाणारा, वरून उघडा असलेला एक पाइप उभा होता. काम करणाऱ्या कारागिराला तो निरुपयोगी वाटला, त्यातून पावसाचे पाणी लाइनीत जाईल असेही वाटले, आणि त्याने तो कापून तोंड बंद केले. तो हवेचा पाइप होता. लाइन भरताना उंचवट्यात जमणारी हवा त्यातून आपोआप निघून जात असे, म्हणूनच इतकी वर्षे आम्हाला तिचा पत्ता नव्हता.

काकांनी टीचा जोड कापून नवा बसवला आणि त्यावर पाऊण इंची पाइप उभा केला. त्याचे वरचे तोंड टाकीतल्या भरलेल्या पातळीच्या वर असावे लागते, नाहीतर पाणी त्यातूनच सांडत राहते, म्हणून तो टाकीच्या झाकणापेक्षाही वीतभर उंच नेला. पावसाची अडचण दूर करायला वर दोन एल्बो लावून तोंड खाली वळवले आणि डास आत जाऊ नयेत म्हणून त्यावर बारीक जाळी तारेने बांधली. मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. जाळीतून काही वेळ सूं असा आवाज येत राहिला आणि थांबला. त्यानंतर मुलाने खालून शॉवर सुरू झाल्याचे सांगितले.